'ड्रॉ'ला टर्किशमध्ये नेमकं काय म्हणायचं?

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तू गुहागरकडचा, डेक कॅडेट म्हणून पहिल्यांदाच बोटीवर लागलायस, मालक टर्किश, चीफ मेट (कॅप्टनच्या खालोखालचा अधिकारी) टर्किश, बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) तोही टर्किश. मोबाइलच्या ॲपमध्ये इंग्लिश 'ड्रॉ' टाकलंस, त्याने 'चिझमेक' दिलं, आणि दोर ओढायच्या वेळी तू बोसनला तेच ऐकवलंस. त्याने हवेत पेन्सिल फिरवल्याची ॲक्शन केली आणि सगळे हसले. नंतर चीफ मेट ड्राफ्टबद्दल, म्हणजे बोट पाण्यात किती खोल बसते त्याबद्दल, बोलताना 'चेकतीई सु' असं काहीतरी म्हणाला, तेही डोक्यावरून गेलं. आता तुला हवंय ते असं, की 'ड्रॉ'चा मूळ अर्थ कुठला, ड्रॉवर, ड्राफ्ट, ड्रॅग हे सगळे एकाच घरातले का, टर्किशमध्ये पाठ काय करायचं, आणि जाता जाता मॅच ड्रॉ झाली तर तिकडे काय म्हणतात. वयाने लहान आहेस असं धरून अरेतुरे करतोय, चालवून घे.

माझ्याबद्दल एवढंच की टर्किश लोकांबरोबर बोटीवर बरीच वर्षं काढली, सेकंड मेट मग चीफ मेट, इस्तंबूलजवळच्या तुझलाच्या यार्डात ड्राय डॉकिंगच्या निमित्ताने महिनोन् महिने राहणं झालं, आणि आता रत्नागिरीत बोटीवर जाणाऱ्या पोरांना इंग्लिश आणि कामापुरतं टर्किश शिकवतो. माझ्याकडे येणारी जवळजवळ सगळी पोरं तुझ्यासारखंच करतात, इंग्लिश क्रियापद घेतात आणि त्याच्यासमोर एक टर्किश शब्द लिहून ठेवतात. नामांना हे चालून जातं. जहाज म्हणजे 'गेमी', पाणी म्हणजे 'सु', संपला विषय. क्रियापदांना चालत नाही, आणि 'ड्रॉ'सारख्या जुन्या, हजार कामं करणाऱ्या क्रियापदाला तर अजिबात नाही. ॲपने तुला चुकीचं काही दिलेलं नाही, 'चिझमेक' म्हणजे चित्र किंवा रेघ काढणे, हा 'ड्रॉ'चा एक खरा अर्थ आहे. तुला मात्र वेगळाच हवा होता.

आधी इंग्लिशकडे बघू. जुन्या इंग्लिशमध्ये हा शब्द होता 'द्रागान', अर्थ साधा, ओढणे, फरफटत नेणे. त्यातला 'ग' काळाच्या ओघात घासत घासत 'व' झाला आणि मग स्वरात विरघळला. हे एकट्या 'ड्रॉ'चं झालं नाही, जुनं 'बोगा' म्हणजे धनुष्य ते आज 'बो' झालं, जुनं 'लागु' म्हणजे कायदा ते आज 'लॉ' झालं, 'फोलगियान'चं 'फॉलो' झालं. 'ड्रॅग' मात्र 'ग' धरून राहिला, कारण तो नॉर्स लोकांच्या 'द्रागा'मधून किंवा उत्तर इंग्लंडच्या बोलीतून आलेला धरतात, तिकडे तो 'ग' शाबूत होता. म्हणजे ड्रॉ आणि ड्रॅग हे सख्खे नसले तरी चुलत भाऊ नक्की. जर्मनमधला 'ट्रागेन' याच कुळातला, पण त्याचा अर्थ सरकून 'वाहून नेणे' झाला.

'ड्राफ्ट' हे त्याच 'ड्रॉ'चं नाम. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये मधे ते विचित्र जी-एच असतं ना, ती त्या जुन्या 'ग'ची उरलेली खूण आहे. अमेरिकन लोक सरळ एफ टाकून मोकळे झाले. आणि हा ड्राफ्ट म्हणजे मुळात 'एक ओढ', एवढंच. पिंपातून ओढून काढलेली बीअर ती ड्राफ्ट बीअर, गाडी ओढणारा घोडा तो ड्राफ्ट घोडा, फटीतून ओढला जाणारा गार वारा तोही ड्राफ्ट. आणि पूर्वी इंग्लिशमध्ये जाळ्याच्या एका ओढीला जेवढी मासळी आली तिलाही ड्राफ्टच म्हणायचे. इथे तुला वेगळं समजवायची गरज नाही, मालवण-तारकर्लीकडे रापण ओढताना बघितली असशील, दोन्ही बाजूंच्या दोरांना माणसं लागतात आणि जाळं किनाऱ्याकडे सरकत येतं. 'ड्रॉ' म्हणजे मूळ तेवढंच. एखादी गोष्ट सलग जोर लावून आपल्याकडे, किंवा आपल्या पाठोपाठ, आणणे. झटका नाही, ढकलणं नाही.

बाकीचे अर्थ त्याच ओढीतून फुटलेत. टेबलाचा खण आपण ओढून उघडतो म्हणून तो ड्रॉवर. पाय घालून वर ओढायची चड्डी म्हणून तीही ड्रॉवर्स. म्यानातून तलवार ओढली, विहिरीतून पाणी ओढलं, बँकेतून पैसे ओढले, पिशवीत हात घालून चिठ्ठी ओढली की झाला लकी ड्रॉ. ड्रॉइंग रूमचा चित्राशी काहीही संबंध नाही बरं का, ती मुळात 'विथड्रॉइंग रूम', जेवण झाल्यावर मंडळी मागे सरून जिथे जाऊन बसायची ती खोली, सतराव्या शतकात पुढचा तुकडा गळाला. आणि चित्र? बाराशे सालाच्या आसपासपासून 'ड्रॉ' चित्र काढण्यासाठी वापरलेला सापडतो, कारण सोपं आहे, लेखणी कागदावरून ओढत नेली की रेघ उमटते. इंग्लिश माणसाला आज हे जाणवत नाही कारण रोजच्या ओढण्यासाठी त्याने 'पुल' घेतला आणि 'ड्रॉ' हळूहळू चित्राला चिकटला. आपल्याला मात्र लगेच जाणवायला हवं, आपण रेघ 'ओढतो'च की.

इथेच माझा मुख्य मुद्दा येतो. तू मराठी माणूस आहेस, तुला टर्किशकडे जायला इंग्लिशचा वळसा कशाला हवा. टर्किश आणि मराठी या काही एका घरातल्या भाषा नाहीत, इंग्लिश आणि मराठी उलट लांबून का होईना नात्यातल्या आहेत, टर्किशचं कूळच वेगळं. पण वाक्याची ठेवण बघ, टर्किशमध्येही क्रियापद शेवटी येतं, प्रत्यय शब्दाच्या मागे चिकटतात, आणि नाम अधिक क्रियापद अशा जोड्या करून बोलायची सवय दोघांनाही आहे. आपण 'दिवस काढले', 'कर्ज काढलं', 'लक्ष वेधलं' म्हणतो तसंच त्यांचं. त्यामुळे 'ड्रॉ'ऐवजी 'ओढणे' आणि 'काढणे' हे दोन शब्द हाताशी धर आणि तिथून निघ, अर्धी वाट तिथेच संपते.

टर्किशमध्ये मध्यवर्ती शब्द आहे 'चेकमेक'. शेवटचा 'मेक' म्हणजे आपला 'णे', खरा धातू 'चेक'. अर्थ ओढणे. आणि याचा पसारा 'ड्रॉ'पेक्षाही मोठा आहे. जाळं ओढणे 'आऽ चेकमेक', वल्ही मारणे 'क्युरेक चेकमेक', पडदा ओढणे 'पेर्दे चेकमेक' (पेर्दे म्हणजे आपला पडदाच, दोघांकडे फारसीतून आलेला). तलवार उपसणे, विहिरीतून पाणी काढणे, दात काढणे, बँकेतून पैसे काढणे, चिठ्ठी काढणे, फोटो काढणे, फोटोकॉपी काढणे, सगळीकडे चेकमेक. कर्ज काढणे 'क्रेदी चेकमेक', हे मला फार आवडतं, कारण इंग्लिश माणूस कर्ज 'घेतो' पण आपण आणि टर्किश लोक ते काढतो. जपमाळ ओढणे 'तेस्पिह चेकमेक', शब्दाला शब्द. आणि लक्ष वेधणे 'दिक्कात चेकमेक'. ही 'दिक्कात' म्हणजे अरबीतून आलेली आपली दिक्कत, पण त्यांच्याकडे ती अडचण नसून लक्ष, सावधानता आहे. इंजिन रूमच्या दारावर लाल अक्षरात 'दिक्कात' लिहिलेलं दिसलं तर कोणाला काय अडचण आहे असा विचार करत उभा राहू नकोस, 'सावधान' आहे ते.

मग सोसणे. आपण 'कळ काढली', 'दिवस काढले' म्हणतो, म्हणजे सहन केलं. टर्किशमध्ये त्रास सोसणे 'झाहमेत चेकमेक', दुःख भोगणे 'देर्त चेकमेक', हा देर्त म्हणजे हिंदीतला दर्द. इंग्लिश 'ड्रॉ'ला हा अर्थ नाही. फारसीतल्या 'कशीदन'ला आहे, त्यातही ओढणे, सोसणे, नक्षी रेखाटणे सगळं एकत्र येतं, आणि आपल्या आजीच्या हातचा कशिदा हा त्याच कशीदनचा, ओढलेल्या दोऱ्याचा. 'कशिदा काढणे' म्हणताना आपण ओढणं दोनदा म्हणतो, कारण आपलं 'काढणे' हे प्राकृतातल्या 'कड्ढ'वरून आलेलं, त्याचाही अर्थ ओढणेच होता. संस्कृतात त्याला जवळचा धातू 'कृष्', म्हणून आकर्षण, आणि म्हणून निष्कर्षही, आतून ओढून काढलेला. टर्किशमध्ये देखण्या माणसाला 'चेकिजी' म्हणतात, ओढणारा. बंद पडलेली गाडी ओढून नेणाऱ्या टोइंग व्हॅनलाही चेकिजीच म्हणतात, तेव्हा कोणाची तारीफ करताना संदर्भ सांभाळ. आणि गुरुत्वाकर्षण म्हणजे 'येरचेकिमी', येर म्हणजे जमीन, जमिनीची ओढ.

अजून दोन-तीन रोज कानावर पडतील असे, जिथे इंग्लिशमध्ये ड्रॉ येणारच नाही. फोनला रेंज नाही तर 'तेलेफोन चेकमियोर', फोन ओढत नाही. किनारा सुटला की मेसमध्ये हेच वाक्य सगळ्यांच्या तोंडी. कपडा धुतल्यावर आटला तर 'चेकती'. गाडी एका बाजूला जाते तर तीही चेकते. आणि 'काफा चेकमेक' म्हणजे शब्दशः डोकं ओढणे, अर्थ दारू पिणे, हे तुला शिकवायला मी नको, तिथे कोणीतरी शिकवेलच.

आता 'चिझमेक'. याचा गाभा रेघ, ओरखडा. गाडीला ओरखडा पडला तो 'चिझिक'. त्यामुळे चित्र रेखाटणे, नकाशावर कोर्स टाकताना रेघ आखणे, यादीतलं नाव खोडणे, ही चिझमेकची कामं. चार्टवर काम करताना तुला हा लागेल, दोराशी याचा संबंध नाही. गंमत अशी की रेघेलाच दोन्ही चालतात, 'चिझगी चिझमेक'ही म्हणतात आणि 'चिझगी चेकमेक'ही, आपण नाही का रेघ काढतो, ओढतो, आखतो, मारतोसुद्धा.

जिथे आपलं 'काढणे' चालतं पण चेकमेक चालत नाही अशा जागाही आहेत, त्या मात्र लक्षात ठेवाव्याच लागतात, नियम सांगून भागत नाही. साधारणपणे, आतलं बाहेर येतं पण ओढ जाणवत नाही तिथे 'चकारमाक' म्हणजे बाहेर काढणे. शर्ट काढणे, बूट काढणे, निष्कर्ष काढणे ('सोनुच चकारमाक') हे सगळं त्यात. आणि घेण्याचा भाव असेल तिथे 'आलमाक', घेणे. मेडिकलला रक्त काढतात ते 'कान आलमाक'. कान म्हणजे रक्त, आपले कान नव्हेत, पहिल्यांदा क्लिनिकमध्ये ऐकलं की आपला माणूस दचकतो. नांगर उचलणे 'देमिर आलमाक', देमिर म्हणजे लोखंड, लोखंड घेणे. म्हणजे नांगर साखळीने ओढला जात असूनही तिथे चेकमेक नाही. का नाही? असंच आहे. आपण गाईची 'धार काढतो' आणि पावसाने 'ओढ दिली' म्हणतो, त्याचं कारण तरी कोण कोणाला सांगत बसलंय.

तर इथपर्यंतचं एका दमात असं: ओढ जाणवते तिथे चेकमेक, रेघ उमटते तिथे चिझमेक, आतून बाहेर येतं तिथे चकारमाक, घेतलं जातं तिथे आलमाक, आणि इंग्लिश 'ड्रॉ' या चौघांच्या अंगणात थोडा थोडा उभा असतो. आता बोटीवरचं बोलू, तुझ्यासाठी तेच महत्त्वाचं.

चीफ मेटचं 'चेकतीई सु'. शब्दशः 'तिने ओढलेलं पाणी', म्हणजे बोटीचा ड्राफ्ट. इंग्लिशमध्येही बोट अमुक मीटर पाणी 'ड्रॉ' करते असं म्हणतात आणि त्यावरूनच ड्राफ्ट. आपले होडीवाले 'किती पाण्यात बसते' म्हणतात, ते जास्त सरळ आहे असं माझं मत, पण दोन लांबच्या भाषांनी इथे ओढणंच निवडलं हे खरं. जयगडला कोळशाची मोठी जहाजं लागतात तिथे काय किंवा बॉस्फरसमध्ये, म्हणजे इस्तंबूलच्या सामुद्रधुनीत काय, हा आकडा विचारल्याशिवाय पान हलत नाही. पुढे, मध्ये, मागे, दोन्ही बाजूंनी बोटीच्या अंगावरचे मार्क, म्हणजे खोलीचे आकडे, वाचायचे, त्याची सरासरी, पाण्याची घनता, त्यावरून पोटात माल किती टन भरला ते काढायचं, याला ड्राफ्ट सर्व्हे म्हणतात हे तू शिकला असशीलच. चीफ मेट 'चेकतीई सु' म्हणाला की त्याला हे मार्कचे आकडे हवेत. एअर ड्राफ्ट वेगळा, तो पाण्याच्या वरचा, सर्वात उंच टोकापर्यंतचा, आणि बॉस्फरसवर १९७३ साली पहिला पूल झाल्यापासून तिथे तोही बघावा लागतो. त्यात ओढणं-बिढणं काही नाही, शब्द उधार घेतलाय.

आणि आता जे सांगतोय ते नीट वाच, बाकी सगळं विसरलास तरी चालेल. टर्किश धातूला मागे बारीक प्रत्यय लागतो आणि अर्थ फिरतो. 'चेक' म्हणजे ओढ. 'चेकिल' म्हणजे बाजूला हो, मागे सर. मूळ 'चेकिलमेक', स्वतःला ओढून घेणे, इंग्लिश 'विथड्रॉ'सारखं. मुअरिंगच्या, म्हणजे बोट धक्क्याला बांधायच्या वेळी, वाऱ्यात, विंचच्या (दोर ओढायच्या यंत्राच्या) आवाजात, बोसन ओरडला 'चेकिल' आणि तुझ्या कानाला अर्धाच शब्द लागला, तर तू दोर धरायला पुढे जाशील. तो तुला पुढे बोलवत नसतो, ताणाखाली आलेल्या दोरापासून लांब हो म्हणत असतो. ताणलेला दोर तुटला की उलटा किती जोरात येतो हे तुला कोर्समध्ये दाखवलंय, स्नॅप-बॅक म्हणतात तो, त्यात पाय जातात, जीव जातात. म्हणून माझ्या क्लासमध्ये हे दोन शब्द मी चेकमेकच्या सगळ्या अर्थांच्या आधी शिकवतो, आणि नियम एकच देतो, नीट ऐकू आलं नाही तर मागे सर, मग विचार.

हाच धातू आणखी कसा वळतो ते एकदा बघून घे, पाठ करायची गरज नाही. 'चेकिनमेक' म्हणजे स्वतःतच ओढलं जाणं, बुजणं, संकोचणं, आणि बुजऱ्या माणसाला 'चेकिनगेन', इंग्लिशमध्ये अशालाच 'विथड्रॉन' म्हणतात. 'चेकिशमेक' म्हणजे एकमेकांना ओढणे, म्हणजेच भांडणे, चुरस, आपली खेचाखेची. 'चेकतिरमेक' म्हणजे दुसऱ्याकडून ओढवून घेणे, फोटो काढून घेताना हा लागतो. खणाला 'चेकमेजे', अगदी ड्रॉवरसारखाच ओढण्यावरून बनलेला. एक इशारा मात्र, दिसायला सारखं ते सगळं याच घरातलं समजू नकोस. बँकेचा चेक टर्किशमध्येही 'चेक'च आहे, पण तो युरोपातून आलेला वेगळा शब्द, पैसे ओढण्याशी त्याचं नातं नाही, योगायोगाने जमलंय.

चेकचा विषय निघालाच आहे तर, तू घरचे पैशाचे व्यवहार बघतोस असं लिहिलंयस म्हणून. भारताच्या १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टमध्ये चेक लिहिणारा तो 'ड्रॉअर', ज्या बँकेवर लिहिला ती 'ड्रॉई'. चेक परत आला आणि त्यावर 'रेफर टू ड्रॉअर' असा शेरा असला तर ज्याने चेक दिला त्याला जाऊन विचार एवढाच अर्थ. डिमांड ड्राफ्ट, ओव्हरड्राफ्ट हे सगळे याच ओढीतले, ओव्हरड्राफ्ट म्हणजे खात्यात होतं त्यापेक्षा जास्त ओढलं.

बोलायचं काय, हे थोडं परिस्थितीवर आहे. ड्युटीवर, ब्रिजवर, मुअरिंगला, बोटीची कामाची भाषा जी ठरलीय तीच, बहुतेक इंग्लिश, आणि तीही मनाची नाही, आयएमओने, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने, २००१ मध्ये ठरवून दिलेली ठराविक वाक्यं. त्यात दोरासाठी ड्रॉही नाही आणि पुलही नाही, 'हीव्ह' आहे, सैल सोडायला 'स्लॅक अवे', धरून ठेवायला 'होल्ड ऑन', सोडायला 'लेट गो'. टर्किश येतं म्हणून तिथे टर्किश पाजळू नकोस, क्रूमध्ये फिलिपिनो असेल, युक्रेनियन असेल, त्याने काय समजायचं. पण क्रू सगळाच टर्किश असेल तर विंचवर तुला 'विरा' ऐकू येईल, म्हणजे उचल, ओढून घे, आणि 'मायना' म्हणजे खाली सोड, 'लाच्का' म्हणजे सैल कर, 'फुंदा' म्हणजे नांगर सोड. हे टर्किश शब्द नव्हेतच, इटालियन खलाशांकडून भूमध्य समुद्रात पसरलेले आहेत, बोसनला 'लोस्त्रोमो' म्हणतात तोही तिकडचाच. आपल्याकडचे जुने खलाशी आणि गोदीतले लोक 'हबेस' आणि 'आर्या' म्हणतात ना, वर घे आणि खाली सोड, त्यातला आर्या पोर्तुगीजांचा. समुद्रावरच्या हुकमांना जात नसते. हाताने दोर ओढायचा असेल तर मात्र साधं 'चेक' चालतं.

मेसमध्ये, सुट्टीत, तिथे खुशाल टर्किश बोल, चूक झाली तर हसतील आणि सुधारतील, त्यांना बाहेरच्याने त्यांची भाषा बोललेली मनापासून आवडते. बरेच खलाशी काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावरचे, त्रबझोन-रिझेकडचे असतात, त्यांची बोली इस्तंबूलपेक्षा वेगळी लागते, आपल्याकडे मालवणी आणि पुण्याची मराठी वेगळी लागते तसं, तेव्हा ॲपचा उच्चार आणि त्यांचा उच्चार जुळला नाही तर घाबरू नकोस. लिपी सोपी आहे, १९२८ मध्ये त्यांनी अरबी सोडून लॅटिन घेतली आणि जवळजवळ जसं लिहितात तसंच बोलतात. 'सी'ला खाली शेपटी असली तर 'च', नसली तर 'ज'. बिनटिंबाचा 'आय' दिसला तर तो 'इ' नाही, 'अ' आणि 'इ'च्या मधला दबका स्वर, तलवारीला 'कलच' म्हणतात त्यात दोन्ही तेच. डोक्यावर वाटी असलेला 'जी' उच्चारायचाच नाही, आधीचा स्वर लांबवायचा, म्हणून जाळं नुसतं 'आऽ'.

आणि वही करशील तर इंग्लिश मथळे घालू नकोस. 'चेक' असा एक धातू पानावर वर लिही आणि खाली रोज ऐकलेलं पूर्ण वाक्य लिही, कोण म्हणालं, कशाबद्दल म्हणालं, समोर मराठीत तू काय म्हणाला असतास. सुटा शब्द लिहू नकोस, जोडी लिही, 'पारा चेकमेक' पैसे काढणे, 'फोतोराफ चेकमेक' फोटो काढणे. चार-पाच पानं भरली की कुठे चेकमेक बसतं ते कानालाच कळायला लागतं. ॲप वापर, पण त्यात एकटं 'ड्रॉ' टाकू नकोस, 'ड्रॉ द कर्टन' असं अख्खं टाक, मग ते बरंच शहाण्यासारखं वागतं.

राहिली मॅच. ड्रॉ झालेल्या मॅचसाठी टर्किशमध्ये चारही क्रियापदांपैकी एकही नाही. 'माच बेराबेरे बित्ती', मॅच बरोबरीत संपली. बेराबेरे हा फारसी 'बराबर', आपलं बरोबर आणि बरोबरी त्यातलंच, त्यामुळे हा शब्द तुला फुकट मिळाला. हे फुटबॉलसाठी. क्रिकेटमध्ये ड्रॉ वेगळा आणि टाय वेगळा, पाच दिवस खेळून कोणीच जिंकत नाही आणि धावाही सारख्या नसतात तरी निकाल नाही, हे तुझ्या लोस्त्रोमोला कुठल्या क्रियापदाने समजावणार ते तूच बघ, माझ्याच्याने अजून कोणाला पटलेलं नाही.